रक्ताभिसरणातील मायक्रोआरएनए आणि विषाणुसंसर्गाची तीव्रता

रक्ताभिसरणातील मायक्रोआरएनए म्हणजे पेशींच्या बाहेर, रक्तद्रवात किंवा रक्तरसात आढळणारे सुमारे २२ न्यूक्लिओटाइड लांबीचे आरएनएचे तुकडे होत. या तुकड्यांपासून कोणतेही प्रथिन तयार होत नाही. पेशीच्या आत असताना इतर जनुकांपासून किती प्रथिन बनावे याचे नियमन करणे हे त्यांचे कार्य असते. पेशी मरते, इजा पावते किंवा प्रक्षुब्ध होते तेव्हा यांतील काही तुकडे रक्तात येतात आणि तेथे बराच काळ टिकून राहतात. त्यामुळे रक्ताच्या थोड्या नमुन्यावरून शरीरातील कोणत्या अवयवाला इजा होत आहे आणि रोगप्रतिकारक यंत्रणा कशी वागत आहे, याचा अंदाज बांधता येईल काय, या प्रश्नाचा अभ्यास इ.स. २००८ पासून मोठ्या प्रमाणावर सुरू झाला. यकृतशोथ, डेंग्यू आणि कोविड-१९ यांसारख्या विषाणुजन्य रोगांत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. या रोगांत बहुसंख्य रुग्ण आपोआप किंवा साध्या उपचाराने बरे होतात, तर थोड्यांची प्रकृती अकस्मात ढासळते. हे थोडे रुग्ण वेळेपूर्वी ओळखणे हा तीव्रतेच्या जैवसूचकांचा मुख्य उद्देश आहे. विषाणुसंसर्गाची तीव्रता ठरविण्यासाठी मायक्रोआरएनएची चाचणी रुग्णालयांच्या नेहमीच्या वापरात अद्याप आलेली नाही.

शोध

इ.स. १९९३ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ व्हिक्टर ॲम्ब्रोस यांच्या प्रयोगशाळेत 'सीनोऱ्हॅब्डिटिस एलिगन्स' या सुमारे एक मिलिमीटर लांबीच्या कृमीवर संशोधन चालू होते. कृमीच्या वाढीचा क्रम ठरविणाऱ्या 'लिन-४' या जनुकापासून प्रथिन तयार होत नाही, तर केवळ २२ न्यूक्लिओटाइडांचा आरएनए तयार होतो, असे त्यांना आढळले. त्याच वेळी गॅरी रुव्हकुन यांनी दाखविले की हा आखूड आरएनए 'लिन-१४' या दुसऱ्या जनुकाच्या संदेशवाहक आरएनएला जुळतो आणि त्यापासून होणारी प्रथिननिर्मिती रोखतो. काही वर्षे हा प्रकार त्या कृमीपुरताच आहे असे मानले गेले. इ.स. २००० मध्ये रुव्हकुन यांच्या प्रयोगशाळेत 'लेट-७' हा दुसरा मायक्रोआरएनए सापडला. तो मानवासह अनेक प्राण्यांत जवळजवळ न बदलता टिकून असल्याचे दिसून आले आणि या क्षेत्राला गती मिळाली. या शोधाबद्दल ॲम्ब्रोस आणि रुव्हकुन यांना २०२४ सालचे शरीरक्रियाशास्त्र किंवा वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

पेशीतील निर्मिती आणि कार्य

मायक्रोआरएनएची निर्मिती पेशीच्या केंद्रकात सुरू होते. जनुकावरून प्रथम एक लांब आरएनए तयार होतो. त्याचा काही भाग स्वतःवरच दुमडून केसाला लावण्याच्या आकड्यासारखा आकार घेतो. 'ड्रोशा' नावाचे विकर हा आकडा कापून वेगळा करते. सुमारे ७० न्यूक्लिओटाइडांचा हा तुकडा केंद्रकाबाहेर पेशीद्रवात जातो. तेथे 'डायसर' हे दुसरे विकर त्याचे टोक छाटून सुमारे २२ न्यूक्लिओटाइडांची जोडी शिल्लक ठेवते. या जोडीतील एक धागा 'आर्गोनॉट' कुळातील प्रथिनात बसतो आणि त्याच्या मदतीने आपल्याशी जुळणारे संदेशवाहक आरएनए हुडकतो. जुळणी झाली की तो संदेश नष्ट होतो किंवा त्यापासून प्रथिन बनण्याचे काम मंदावते.

जुळणीसाठी मायक्रोआरएनएच्या सुरुवातीची सहा ते आठ अक्षरेच प्रामुख्याने महत्त्वाची असतात. त्यामुळे एकच मायक्रोआरएनए शेकडो जनुकांवर परिणाम करू शकतो आणि एकाच जनुकावर अनेक मायक्रोआरएनएंचा अंमल असू शकतो. काही मायक्रोआरएनए सर्वच पेशींत आढळतात, तर काही विशिष्ट ऊतींपुरते मर्यादित असतात. मिर-१२२ जवळजवळ केवळ यकृतपेशींत, मिर-२०८ए आणि मिर-४९९ मुख्यत्वे हृदयाच्या स्नायूत, मिर-१२६ रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरात, मिर-२२३ न्यूट्रोफिलसारख्या पांढऱ्या पेशींत, तर मिर-४५१ए तांबड्या पेशींत विपुल असतो. रक्तपरीक्षेच्या दृष्टीने ही विभागणी अत्यंत महत्त्वाची आहे, कारण रक्तात सापडलेला तुकडा कोठून आला असावा याची खूण तीतून मिळते.

रक्तातील स्थैर्य

उघडा आरएनए हा अतिशय नाजूक रेणू आहे. रक्तात आरएनए तोडणारी विकरे मुबलक असल्याने तो तेथे फार काळ टिकू नये अशी अपेक्षा होती. इ.स. २००८ मध्ये अनेक संशोधक गटांनी रक्तद्रवात आणि रक्तरसात मायक्रोआरएनए मोजता येतात असे दाखविले. नमुना काही तास सामान्य तापमानाला ठेवला किंवा पुनःपुन्हा गोठवून वितळविला, तरी त्यांचे प्रमाण फारसे घटत नव्हते.

या टिकाऊपणाचे कारण त्यांच्या आवरणात आहे. रक्तातील मायक्रोआरएनए सहसा एकटे वावरत नाहीत. काही एक्झोसोम नावाच्या अतिसूक्ष्म पुटिकांत बंद असतात. पुष्कळसे आर्गोनॉट-२ या प्रथिनाला घट्ट चिकटलेले असतात, असे २०११ मध्ये स्पष्ट झाले. काही एचडीएल या मेदप्रथिनाबरोबरही वाहून नेले जातात. आवरणामुळे विकरांना त्यांच्यापर्यंत पोहोचता येत नाही.

विषाणुसंसर्गात प्रमाण का बदलते

रक्तातील एखाद्या मायक्रोआरएनएचे प्रमाण संसर्गात तीन प्रमुख कारणांनी बदलते.

पहिले कारण पेशींची इजा. विषाणूमुळे किंवा त्याच्याशी लढणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींमुळे ऊतीची हानी झाली की पेशीतील द्रव्य रक्तात सांडते. यकृताच्या इजेत मिर-१२२ वाढतो तो याच मार्गाने.

दुसरे कारण पेशींची सक्रियता. जिवंत पेशीही पुटिकांमधून मायक्रोआरएनए बाहेर सोडतात आणि दाहाच्या काळात त्यांतील घटक बदलतात. इ.स. २००६ मध्ये डेव्हिड बाल्टिमोर यांच्या प्रयोगशाळेत असे आढळले की जिवाणूंच्या आवरणातील घटकाने चेतविलेल्या मोनोसाइट पेशींत मिर-१४६ए आणि मिर-१५५ वाढतात. मिर-१४६ए हा दाहाचा संकेत पुढे नेणाऱ्या प्रथिनांची निर्मिती कमी करून दाहाला आवर घालतो. मिर-१५५ साधारणपणे दाहक प्रतिसादाला साहाय्य करतो. घोड्याला टाच आणि लगाम दोन्ही एकाच वेळी लागावेत, तसा हा प्रकार आहे.

तिसरे कारण रक्तपेशींच्या संख्येतील बदल. मिर-१५० हा परिपक्व लिम्फोसाइट पेशींत विपुल असतो. अनेक तीव्र विषाणुसंसर्गांत लिम्फोसाइटांची संख्या घटते, तेव्हा रक्तद्रवातील मिर-१५० कमी होणे हे त्या घटीचेच प्रतिबिंब असू शकते. अशा वेळी मायक्रोआरएनएची महागडी परीक्षा नेहमीच्या रक्तपेशीगणनेपेक्षा अधिक काही सांगते काय, हे स्वतंत्रपणे तपासावे लागते.

यांखेरीज काही विषाणू स्वतःचेही मायक्रोआरएनए बनवितात. असे पहिले मायक्रोआरएनए २००४ मध्ये एपस्टाइन-बार विषाणूत सापडले. नागीण कुळातील या विषाणूंची जनुकीय सामग्री डीएनएची असून ती पेशीच्या केंद्रकात शिरते, म्हणून पेशीची यंत्रणा त्यांना वापरता येते. डेंग्यू किंवा करोना यांसारख्या आरएनए विषाणूंच्या बाबतीत मुख्यतः रुग्णाच्या स्वतःच्या मायक्रोआरएनएंचाच विचार केला जातो.

यकृतशोथ आणि मिर-१२२

या क्षेत्रातील सर्वांत स्पष्ट उदाहरण मिर-१२२चे आहे. यकृतपेशीतील एकूण मायक्रोआरएनएंपैकी सुमारे ७० टक्के वाटा एकट्या मिर-१२२चा असतो. यकृताच्या इजेसाठी नेहमी मोजले जाणारे एएलटी हे विकर स्नायूंतही काही प्रमाणात असते. मिर-१२२ मात्र जवळजवळ सर्वस्वी यकृतातूनच येतो.

पॅरासिटामॉलच्या अतिसेवनाच्या अभ्यासातून त्याचे मोल प्रथम ठळक झाले. उंदरांवरील २००९च्या प्रयोगात मिर-१२२ एएलटीच्या आधी वाढला. इ.स. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रुग्णांच्या अभ्यासात, रुग्णालयात प्रथम आले तेव्हा एएलटी अजून वाढलेले नसतानाही, ज्यांना पुढे यकृताची इजा झाली त्यांच्या रक्तात मिर-१२२ अधिक होता. हे उदाहरण विषाणूचे नसले तरी जैवसूचकाकडून काय अपेक्षित असते ते त्यातून उत्तम प्रकारे कळते. इजा झाल्यावर तिची नोंद करणे सोपे असते, आधी सूचना मिळणे दुर्मीळ असते.

यकृतशोथ-बी आणि यकृतशोथ-सी या विषाणूंच्या दीर्घकालीन संसर्गातही रक्तातील मिर-१२२ वाढतो आणि त्याचे प्रमाण बहुधा एएलटीशी सुसंगत असते. तथापि येथे एक महत्त्वाची गुंतागुंत आहे. यकृतात तंतुमय ऊती वाढत जाऊन रोग पुढच्या टप्प्यात गेला की रक्तातील मिर-१२२ उलट कमी होऊ लागतो, कारण तो पुरविणाऱ्या निरोगी यकृतपेशीच कमी उरलेल्या असतात. म्हणजे कमी आकडा हा सौम्य रोगाचाही असू शकतो आणि अतिप्रगत रोगाचाही. एका आकड्यावरून निष्कर्ष न काढता रोगाचा टप्पा आणि इतर तपासण्या सोबत पाहाव्या लागतात.

यकृतशोथ-सी विषाणूच्या बाबतीत मिर-१२२ केवळ साक्षीदार नाही. इ.स. २००५ मध्ये असे सिद्ध झाले की हा विषाणू आपल्या आरएनएच्या सुरुवातीच्या टोकाला मिर-१२२ बांधून घेतो आणि त्याच्याविना त्याची वाढ नीट होत नाही. सामान्यतः संदेश दडपणारा रेणू येथे विषाणूच्या आरएनएला आधार देतो. यावरून मिर-१२२ला निष्प्रभ करणारे 'मिराव्हिर्सेन' हे औषध तयार झाले. त्याच्या ३६ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांत विषाणूचे प्रमाण घटल्याचे दिसले. परंतु त्याच सुमारास थेट विषाणूच्या प्रथिनांवर काम करणारी, तोंडाने घ्यावयाची प्रभावी औषधे उपलब्ध झाली आणि यकृतशोथ-सीच्या उपचारांची मुख्य दिशा त्यांच्याकडे वळली.

डेंग्यू

डेंग्यूमध्ये तीव्रतेच्या सूचकाची निकड सर्वाधिक जाणवते. बहुतेक रुग्णांचा ताप काही दिवसांत उतरतो. काहींमध्ये मात्र ताप उतरण्याच्या सुमारास, म्हणजे आजाराच्या साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी, रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपू लागतो, रक्तदाब कोसळतो आणि रुग्ण धोक्यात येतो. घरच्यांना बरे वाटू लागावे नेमक्या त्याच वेळी हा धोका उभा राहतो. ही अवस्था २४ ते ४८ तास टिकते. या काळात शिरेवाटे योग्य प्रमाणात द्रव दिल्यास बहुतेकांचा जीव वाचतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९च्या मार्गदर्शिकेत पोटदुखी, सतत उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त येणे, सुस्ती, यकृताची वाढ आणि बिंबाणू घटत असताना रक्त दाट होणे ही धोक्याची लक्षणे दिलेली आहेत. ती उपयुक्त आहेत, परंतु ती दिसणाऱ्या अनेक रुग्णांना पुढे काहीच होत नाही. महाराष्ट्रात पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत डेंग्यूचे रुग्ण वाढतात, तेव्हा कोणाला खाट द्यावी आणि कोणाला घरी पाठवावे हा निर्णय रोज घ्यावा लागतो. त्यामुळे रक्तावरून होणाऱ्या अधिक अचूक भाकिताला येथे व्यवहारात मोल आहे.

तैवानमधील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, साध्या डेंग्यूच्या तुलनेत डेंग्यू रक्तस्रावी तापाच्या रुग्णांच्या पांढऱ्या पेशींत मिर-१५० अधिक आढळला. रोगप्रतिकारक संकेतांना आवर घालणाऱ्या एसओसीएस-१ या जनुकाची अभिव्यक्ती त्यांच्यात कमी होती. येथे मोजणी पेशींच्या आतील होती, पेशीबाहेरील रक्तद्रवाची नव्हती. याउलट २००९च्या एका अभ्यासात सेप्सिस झालेल्या रुग्णांत मिर-१५० घटल्याचे आणि ही घट आजाराच्या गंभीरतेशी निगडित असल्याचे दिसले होते. एकच मायक्रोआरएनए एका रोगात व एका ठिकाणी वाढलेला, तर दुसऱ्या रोगात घटलेला असू शकतो. म्हणून 'अमुक मायक्रोआरएनए वाढला म्हणजे रोग तीव्र' असा सरसकट नियम करता येत नाही.

कोविड-१९

कोविड-१९च्या साथीत तीव्रतेचा अंदाज हा थेट उपचाराशी जोडलेला प्रश्न बनला. ब्रिटनमधील 'रिकव्हरी' चाचणीने २०२० मध्ये दाखविले की डेक्सामेथासोन हे स्वस्त औषध प्राणवायू किंवा कृत्रिम श्वसन लागणाऱ्या रुग्णांचे मृत्यू कमी करते, परंतु प्राणवायू न लागणाऱ्यांना त्याचा लाभ होत नाही. एकाच रोगात, एकाच औषधाचा निर्णय रोग कोणत्या पायरीवर आहे यावर अवलंबून राहिला.

स्पेनमधील एका गटाने २०२१ मध्ये रुग्णांच्या रक्तद्रवाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सामान्य विभागातील आणि अतिदक्षता विभागातील रुग्णांमध्ये मिर-१४८ए, मिर-४५१ए आणि मिर-४८६ या तिघांच्या एकत्रित प्रमाणावरून चांगला फरक करता आला. अतिदक्षता विभागातील वाचलेले व दगावलेले रुग्ण वेगळे करण्यास मिर-१९२ आणि मिर-३२३ए यांची मदत झाली. त्याच वर्षी जर्मनीतील संशोधकांना कृत्रिम श्वसनावरील कोविड रुग्णांच्या रक्तात मिर-२१ व मिर-१५५ यांबरोबरच हृदयाच्या स्नायूशी निगडित मिर-२०८ए आणि मिर-४९९ वाढलेले आढळले. फुप्फुसांच्या आजारात हृदयालाही झळ पोहोचते, याचा हा संकेत होता.

या निष्कर्षांचा अर्थ लावताना रेणूंचे उगमस्थान ध्यानात ठेवावे लागते. मिर-४५१ए आणि मिर-४८६ हे दोन्ही तांबड्या पेशींत विपुल असतात. त्यांच्यातील बदल विषाणूच्या विशिष्ट परिणामामुळे, तांबड्या पेशींच्या निर्मितीतील बदलामुळे किंवा नमुना घेताना पेशी फुटल्यामुळेही होऊ शकतो. शिवाय अतिदक्षता विभागातील रुग्ण सहसा अधिक वयाचे असतात, त्यांना मधुमेहासारखे आजार असतात आणि त्यांना स्टेरॉइड व हेपारिन दिलेले असते. हे सर्व घटक मायक्रोआरएनएवर किंवा त्याच्या मोजणीवर परिणाम करतात.

मापनपद्धती

मोजणीची नेहमीची पद्धत म्हणजे उलट प्रतिलेखनासह होणारी पीसीआर. तीत आरएनएपासून डीएनए बनवून त्याच्या प्रती दर आवर्तनाला दुप्पट केल्या जातात. एका नमुन्यात संकेत तीन आवर्तने आधी मिळाला, तर त्यात मूळ रेणू सुमारे आठपट होते असा हिशेब होतो. कोणते मायक्रोआरएनए पाहावेत हे आधी ठाऊक नसेल तर सर्व लघु-आरएनएंचे क्रमवाचन करतात. डिजिटल पीसीआरमध्ये नमुना हजारो सूक्ष्म थेंबांत विभागून रेणूंची जवळजवळ थेट मोजदाद होते.

अचूकतेची खरी परीक्षा मात्र यंत्रापाशी पोहोचण्यापूर्वी होते. रक्तरस मिळविण्यासाठी रक्त गोठू द्यावे लागते आणि गोठताना बिंबाणू आपले मायक्रोआरएनए बाहेर सोडतात. त्यामुळे रक्तरस आणि रक्तद्रव यांतील आकड्यांची परस्पर तुलना करता येत नाही. हेपारिन पीसीआरला अडथळा करते, म्हणून ईडीटीए असलेल्या नळ्या पसंत केल्या जातात. सुई टोचताना किंवा नमुना हाताळताना तांबड्या पेशी फुटल्या तर मिर-४५१ए आणि मिर-१६ यांचे आकडे फुगतात. हे ओळखण्यासाठी ४१४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचे शोषण मोजतात किंवा मिर-४५१ए आणि मिर-२३ए यांचे गुणोत्तर पाहतात.

तुलनेसाठी स्थिर मापदंडाचा प्रश्नही सुटलेला नाही. मिर-१६ अनेक अभ्यासांत स्थिर मानला गेला, परंतु तोच तांबड्या पेशींतून सांडतो. म्हणून मानवात नसलेला, कृमीचा मिर-३९ ठरावीक प्रमाणात नमुन्यात मिसळतात. त्यामुळे आरएनए वेगळा करण्याच्या क्रियेतील तफावत भरून निघते. नमुना घेण्यापूर्वीच्या तफावती मात्र तशाच राहतात.

निष्कर्षांचे मूल्यमापन

अशा अभ्यासांत चाचणीची क्षमता बहुधा 'वक्राखालील क्षेत्रफळ' या आकड्याने सांगतात. त्याचे मूल्य ०.५ असेल तर चाचणी नाणेफेकीइतकीच उपयोगी आणि १ असेल तर निर्दोष मानली जाते. केवळ हा आकडा पाहून चाचणी रुग्णालयात उपयोगी पडेल असे म्हणता येत नाही.

हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होते. तापाच्या १,००० रुग्णांपैकी ५० जणांचा आजार पुढे तीव्र होणार आहे असे समजू. चाचणी तीव्र होणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांना आणि न होणाऱ्यांपैकीही ९० टक्क्यांना बरोबर ओळखते असे मानू. मग ती ५० पैकी ४५ जणांना पकडेल आणि पाच जण निसटतील. उरलेल्या ९५० पैकी ९५ जणांना ती चुकून धोकादायक ठरवील. एकूण १४० जणांना धोक्याचा इशारा मिळेल, पण त्यांतील ४५ जणांचा, म्हणजे सुमारे ३२ टक्क्यांचाच इशारा खरा असेल. दुसऱ्या बाजूला ८६० जणांना निर्धास्त केले जाईल आणि त्यांतील ८५५ जणांच्या बाबतीत ते योग्य असेल. अशा चाचणीचा मुख्य उपयोग धोका सिद्ध करण्यापेक्षा धोका नाही हे सांगण्यासाठी होतो.

या क्षेत्रातील अभ्यासांची मुख्य उणीव म्हणजे थोडे रुग्ण आणि पुष्कळ रेणू. शेकडो मायक्रोआरएनए तपासले तर काही केवळ योगायोगानेही रुग्णगटांत वेगळे दिसतात. म्हणून एका गटावर निवडलेला संच दुसऱ्या ठिकाणच्या, दुसऱ्या रुग्णांवर जसाच्या तसा तपासून पाहणे आवश्यक असते. अनेक प्रसिद्ध संच परस्परांशी जुळत नाहीत. नमुना केव्हा घेतला हेही निर्णायक असते. रुग्ण अतिदक्षता विभागात पोहोचल्यावर घेतलेला नमुना तीव्रतेचे वर्णन करतो, तर भाकितासाठी नमुना त्यापूर्वीचा असावा लागतो.

चिकित्सेतील स्थान

सध्या तीव्रतेच्या अंदाजासाठी रक्तपेशीगणना, सी-रिॲक्टिव्ह प्रथिन, फेरिटिन, डी-डायमर, एएलटी आणि शरीरातील प्राणवायूची पातळी यांवर भर दिला जातो. या तपासण्या स्वस्त आहेत, लवकर होतात आणि तालुक्याच्या ठिकाणीही बहुतांशी उपलब्ध असतात. मायक्रोआरएनएच्या पीसीआरला काही तास, प्रशिक्षित हात आणि काटेकोर नमुनाहाताळणी लागते. त्यामुळे नव्या चाचणीने तीव्र व सौम्य रुग्णांत फरक दाखविणे पुरेसे नाही. प्रचलित तपासण्यांना जे कळत नाही ते तिने सांगितले पाहिजे आणि त्यामुळे उपचाराचा निर्णय बदलून रुग्णाचा लाभ झाला पाहिजे.

या कसोटीवर एकाच ऊतीशी घट्ट बांधलेले मायक्रोआरएनए, उदाहरणार्थ यकृताचा मिर-१२२ किंवा हृदयाचा मिर-२०८ए, अधिक आश्वासक ठरतात, कारण त्यांच्या वाढीचा अर्थ लावता येतो. मिर-२१, मिर-१४६ए आणि मिर-१५५ यांसारखे दाहाशी निगडित रेणू अनेक रोगांत बदलतात. ते एकेकटे पाहण्यापेक्षा संचाच्या रूपात आणि नेहमीच्या तपासण्यांच्या जोडीने पाहण्याकडे संशोधनाचा कल आहे. नमुना घेण्याची एकच मान्य पद्धत, आजाराच्या पहिल्या दिवसांतील नमुने आणि अनेक केंद्रांतील मोठे रुग्णगट या तीन गोष्टी साध्य झाल्याखेरीज या चाचण्या प्रयोगशाळेतून रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचणे कठीण आहे.

हेही पहा

आरएनए
जनुक अभिव्यक्ती
डेंग्यू
यकृतशोथ
कोविड-१९
पॉलिमरेज शृंखला अभिक्रिया